दुमजली घर

एप्रिल १९६० मध्ये दक्षिण कोरियात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि सिंगमन री यांची राजवट कोसळली. मे १९६१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मधल्या त्या मोकळ्या काळात किम की-यंग यांचा ‘हान्यो’, म्हणजे ‘मोलकरीण’, हा चित्रपट सेऊलमध्ये लागला. त्याला वासनेची कथा म्हणतात. आम्हांला ती घराच्या किंमतीची कथा वाटते.

नायक कापडगिरणीतल्या मुलींना गाणे शिकवणारा मास्तर. एका मुलीने त्याला प्रेमपत्र लिहिले. त्याने ते वरिष्ठांपर्यंत पोचवले. तिचे काम सुटले, मास्तरचे टिकले. पुढच्या थरारात प्रेक्षक तिला विसरतात. गिरणगावात वावरलेल्या आम्हांला ते साधत नाही.

बायकोने रात्रंदिवस शिवणयंत्र चालवून दुमजली घर उभे केलेले. ती थकली, म्हणून मोलकरीण आली. तिला मास्तरपासून दिवस गेले, तेव्हा बायकोनेच तिला जिन्यावरून पडून गर्भ पाडायला लावले. सूडाने तिने त्यांच्या मुलाचा जीव घेतला. आणि श्रोतेहो, तरी नवराबायको पोलिसांत गेले नाहीत! बोभाटा झाला असता, नोकरी गेली असती. यंत्र चालूच राहिले.

अखेरीस मास्तर हसत हसत पुरुषांना सावधगिरीचा उपदेश करतो. तो आम्हांला पटत नाही. त्याआधीचे दृश्य मात्र खरे. विष प्यायलेला मास्तर बायकोकडे जायला जिना उतरतो, मोलकरीण त्याचा पाय सोडत नाही, आणि तिचे डोके प्रत्येक पायरीवर आपटत खाली येते.