तीन लाख बायकांची अट

फिलिपाइन्स बेटांतील पहिल्या स्त्री वकील नातिविदाद आल्मेडा-लोपेझ यांची हकीकत मंडळातील भगिनींना सांगावी, असे फार दिवस मनात होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कायद्याचा कीस न पाडता साध्या शब्दांतच सांगते.

नातिविदादबाईंचा जन्म १८९२ सालचा. तेव्हा तेथे स्पेनचा अंमल होता. पुढे १८९८ साली अमेरिकेचा आला. राज्यकर्ते बदलले, पण जुना स्पॅनिश दिवाणी कायदा तसाच राहिला. त्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीवाचून स्वतःच्या मालकीची जमीनसुद्धा विकता येत नसे. अशा काळात १९१४ साली या बाई वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९१८ साली त्यांनी कायदेमंडळापुढे स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडली, आणि १९३४ साली त्या मॅनिला शहराच्या म्युनिसिपल कोर्टात न्यायाधीश झाल्या.

नवल असे की, न्यायासनावर बसून पुरुषांचा निवाडा करणाऱ्या या बाईंना त्या वर्षी स्वतः मात्र मत देता येत नव्हते! स्त्रियांच्या मताधिकाराचा कायदा १९३३ साली झाला होता, पण तो लागू व्हायचा होता १९३५ पासून. तोच १९३५ची नवी राज्यघटना आली आणि हक्क पुन्हा टांगणीला लागला. घटनेने अट घातली, की दोन वर्षांच्या आत सार्वमत घ्यावे आणि त्यात निदान ३ लाख स्त्रियांनी 'होय' म्हटले, तरच त्यांना मताधिकार मिळावा. पुरुषांना अशी अट कोणी घातली नव्हती.

मग गावोगावची महिला मंडळे पदर खोचून उठली. सभा झाल्या, घरोघर जाऊन बायकांची समजूत घातली गेली. ३० एप्रिल १९३७ रोजी ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला; विरुद्ध मते पडली अवघी ४४,३०७.

नातिविदादबाई १९७७ साली वारल्या. त्यांची विद्वत्ता थोर खरीच. पण त्या एकट्यांच्या मताने ३ लाखांची अट पुरी होणार नव्हती. त्यासाठी कोर्टाची पायरी कधी न चढलेल्या, माझ्यासारख्या घरकामातल्या बायकाही त्या दिवशी उंबरठा ओलांडून गेल्या. मंडळाच्या सभेला चार जणी कमी आल्या तर काय बिघडते, असे आपण सहज म्हणतो. तसे म्हणण्यापूर्वी त्या मोजणीची आठवण व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.