दिव्याभोवतीची कडी

गाडीच्या दिव्याला मुळात दोन कामं असतात. एक म्हणजे चालवणाऱ्याला रस्ता दाखवणं. दुसरं म्हणजे आपण इथे आहोत हे इतरांना कळवणं. बैलगाडीच्या दिवसांत पहिलं काम बैल करत. रस्ता त्यांच्या पायाखालचा असे, गाडीवान झोपला तरी ते घरी आणून सोडत. मग गाडीखाली कंदील कशाला टांगायचा? त्याच्या उजेडात गाडीवानाला काहीच दिसत नसे. पण लांबून येणाऱ्याला अंधारात हलणारा तो पिवळा ठिपका दिसे आणि पुढे गाडी आहे हे कळे. तो कंदील फक्त दुसऱ्या कामासाठी होता.

मोटारीच्या दिव्याला अलीकडे तिसरं काम लागलंय, मी कोण आहे हे सांगण्याचं. आज लिहायचंय ते त्याबद्दल. हेडलाइटच्या आत जी गोल चमकती कडी असते, ज्याला बाजारात रिंग लाइट किंवा एंजल आइज म्हणतात, तिच्याबद्दल.

निमित्त झालं विसरवाडीचं. धुळ्याहून सुरतेला निघालं की साक्री, दहिवेल मागे पडतं, कोंडाईबारीचा घाट लागतो आणि घाट उतरलं की विसरवाडी. पुढे नवापूर आणि मग गुजरात. हा रस्ता आधी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6 होता. 2010 साली नवे क्रमांक आले तेव्हा तो 53 झाला, पण माझ्या तोंडी अजून सहाच बसलाय. रात्रंदिवस ट्रक चालतात. अशा गावात चहाचं हॉटेल, पंक्चरवाला आणि ऑटो इलेक्ट्रिशियन, हे तिघं सापडतातच.

दाजींच्या (बहिणीच्या यजमानांच्या) भल्यामोठ्या, महागड्या गाडीतून आम्ही सुरतला लग्नाला चाललो होतो. चहाला थांबलो तेव्हा दिसलं की डाव्या हेडलाइटमधली कडी बंद आहे. हेडलाइट मात्र उत्तम चालू होता. मी म्हटलं, "दाजी, जाऊ द्या ना, रस्ता तर दिसतोय." दाजी म्हणाले, "एका डोळ्याची गाडी घेऊन लग्नाला जायचं का?" शेजारीच एक इलेक्ट्रिशियन होता. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी लावून आत डोकावून पाहिलं आणि बॉनेट बंद केलं. "दादा, बल्ब असता तर पाच मिनिटांत बदलून दिला असता. हे पूर्ण पॅक आहे. आणि याचा माल इकडे येत नाही."

पुढे सुरतेपर्यंत मी या दोन वाक्यांचाच विचार करत होतो. आधी वाटलं, खरी अडचण पहिल्या वाक्यात आहे. दिव्यांचा इतिहास आठवत गेलो तसं लक्षात आलं, की नाही, ती दुसऱ्या वाक्यात आहे.

मोटारीचे सुरुवातीचे दिवे रॉकेलचे किंवा कार्बाइडचे होते. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पाडायचे, त्यातून अॅसिटिलीन वायू निघे आणि तो पेटवायचा. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि कार्बाइडचे दिवस भरले. मग 1940 च्या सुमारास अमेरिकेत 'सील्ड बीम' आला. काच, आरसा आणि तार, सगळं एकात एक बंद केलेलं. तार तुटली की अख्खा दिवा फेकायचा. म्हणजे तोही 'पूर्ण पॅक'च! पण त्याचं माप ठरलेलं होतं, 7 इंची गोल. गाडी कुणाचीही असो, दिवा तोच. त्यामुळे आडगावातल्या दुकानातही तो मिळे आणि एका स्क्रू-ड्रायव्हरवर काम भागे.

आपल्याकडची अँबॅसेडर किंवा महिंद्रची जीप आठवा. तेच गोल डोळे. 1962 मध्ये युरोपात एच-1 हा हॅलोजन बल्ब आला, 1971 मध्ये दोन तारांचा एच-4 आला. तो एच-4 आजही आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावलेल्या गाड्याही तुम्हाला आठवत असतील. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून ती सोय होती. दिसायला ओबडधोबड, पण त्यात समोरून येणाऱ्याचा विचार होता.

हे एकच माप मोडलं ते 1983 मध्ये. अमेरिकेने बल्ब बदलता येईल असे हव्या त्या आकाराचे हेडलाइट चालवून घेतले आणि 1984 च्या मॉडेलची लिंकन मार्क-7 तसे दिवे घेऊन आली. कारण अगदी रास्त होतं. गाडीचं नाक निमुळतं केलं की वारा कमी अडतो आणि पेट्रोल वाचतं. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आलं. पण त्या दिवसापासून प्रत्येक गाडीचा दिवा हा फक्त त्याच गाडीचा दिवा झाला.

आता कडीकडे येऊ. 1968 पासून बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांना शेजारी-शेजारी दोन गोल दिवे असत, ती त्यांची ओळख. 1991 मध्ये याच कंपनीच्या 7-सिरीजमध्ये झेनॉन दिवा पहिल्यांदा आला. पुढे हेडलाइटवर एकसंध आवरण येत गेलं आणि गोल डोळे त्यामागे झाकले जाऊ लागले. मग 2000 साली सुधारलेल्या 5-सिरीजमध्ये दिव्याभोवती उजेडाच्या कड्या आल्या. अंधारात, नाव वाचता येणार नाही इतक्या लांबूनही गाडी ओळखू यावी म्हणून! 2003 मध्ये त्या एक्स-5 या एसयूव्हीवर आल्या.

त्यामागची युक्ती सुरेख आहे. पारदर्शक प्लास्टिकची दांडी कडीसारखी वळवायची आणि तिच्या टोकाला बल्ब ठेवायचा. उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो आणि मागच्या बाजूला पाडलेल्या बारीक खाचांवर आपटून बाहेर पडतो. म्हणजे कडी स्वतः पेटत नाही, ती फक्त उजेड वाटते. तेव्हा बल्ब बदलता येत असे. 2006 च्या दुसऱ्या पिढीच्या एक्स-5 मध्ये झेनॉन दिवे असतील तर कडीसाठी 35 वॅटचा एच-8 बल्ब असे. 2010 मध्ये तिथे एलईडी आला. उजेड पांढराशुभ्र झाला. मग इतर कंपन्यांनीही ही कल्पना उचलली आणि बाजारात नकली कड्यांचा सुळसुळाट झाला.

एलईडी तर म्हणे वर्षानुवर्षं टिकतो, मग कडी बंद का पडते? बहुतेक वेळा एलईडीला वीज मोजून देणारं छोटं सर्किट जातं. इंजिनची उष्णता, खड्ड्यांचे हादरे आणि सील सुटून आत शिरलेली वाफ, ही तीन कारणं. काही गाड्यांत ते सर्किट वेगळं मिळतं, काहींत अख्खा हेडलाइट बदला म्हणतात. दाजींना तेच सांगितलं गेलं, आणि आकडा ऐकून दाजी गप्प झाले.

मधला मार्गही आहे. बॅटरीची तार काढायची, हेडलाइट बाहेर घ्यायचा (पुष्कळदा त्यासाठी बंपर उतरवावा लागतो), कडेचा डिंकासारखा ब्यूटाइल गरम हवेने मऊ करायचा आणि काच हलक्या हाताने सोडवायची. आतल्या आरशाला बोट लावायचं नाही, त्याची झिलई जाते. झेनॉन असेल तर त्याला पेटताना हजारो व्होल्ट लागतात, तिथे अर्धवट माहितीवर हात घालू नये. कड्या दोन्ही बदलाव्या लागतात, कारण जुनीचा उजेड पिवळट पडलेला असतो. एलईडी बल्बपेक्षा कमी वीज घेतो, म्हणून कधीकधी गाडीचा कॉम्प्युटर दिवा गेला असं समजून कुरकुरतो. शेवटी ब्यूटाइल नवीन भरायचं आणि हेडलाइटचा रोख पुन्हा तपासून घ्यायचा. हे शेवटचं काम गाळून कसं चालेल? रोख बोटभर वर गेला तरी घाटात समोरचा आंधळा होतो. दाजींचं काम सुरतच्या एका कारागिराने असंच केलं, आणि छान केलं.

असो. मला जे कळलं ते एवढंच, की दिवा पॅक असणं हा दोष नाही. 1940 चा दिवाही पॅक होता, पण तो सगळ्यांचा होता. आजचा दिवा एकाच गाडीचा आहे, आणि त्याला ओळख सांगायची आहे म्हणूनच तो एकाच गाडीचा असावा लागतो. विसरवाडीच्या इलेक्ट्रिशियनचं कसब कमी झालेलं नाही, त्याच्या हातात येणारा माल बंद झालाय. गंमत म्हणजे ओळखही टिकत नाही. 2023 च्या एक्स-5 मध्ये गोल कडी नाही, बाणासारखी रेषा आहे!

यातून काहीच चांगलं निघालं नाही असं नाही. स्वीडनने 1977 मध्ये दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं, युरोपात 2011 पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलना दिवसाचे दिवे आले, आणि आपल्याकडे एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू असतो. कडीसुद्धा कितीतरी गाड्यांत हेच काम करते. कंदिलाचं ते दुसरं काम कायद्याने परत आलं, म्हणा ना.

पण अजून ते सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. आपल्या रस्त्यांवर रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या जातात, कितीतरींच्या मागे लाल ठिपकासुद्धा नसतो. बंद पडलेल्या ट्रकमागे अजून झाडाची फांदी आणि चार दगड ठेवतात. पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसाने 1934 मध्ये रस्त्यात बसवायचे 'मांजरडोळे' शोधले, त्यांना ना वायर लागते, ना बल्ब. मागून येणाऱ्याच्याच उजेडावर ते चमकतात. रिफ्लेक्टरची पट्टी त्याच जातीची, आणि ती अगदी छोट्या दुकानातही मिळते. तुमच्या घरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा बैलगाडी असेल, तर तिच्या मागे ती आहे का, आणि असलीच तर चिखलाखाली गेलेली नाही ना, एवढं जरा बघा.