कन्नडची भिल्ल एजन्सी

वाचकहो, आपल्या शहराहून धुळे रस्त्याने निघाले की दौलताबाद, खुलदाबाद, वेरूळ मागे पडते व साधारण साठ किलोमीटरवर कन्नड लागते. पुढे सातमाळ्याचा डोंगर उतरून रस्ता चाळीसगावकडे, म्हणजे खानदेशात जातो. त्या उताराला आपण औट्रम घाट म्हणतो. एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आपल्या डोंगराला का चिकटले, असा प्रश्न वर्गात एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर सापडत नाही.

1818 मध्ये पेशवाई बुडाली व खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्या वेळी प्रांताची दशा वाईट होती. 1803-04 च्या दुष्काळाने गावेच्या गावे ओस पडली होती. सातमाळा व सातपुडा येथील भिल्ल हे पिढ्यान् पिढ्या घाटांचे राखणदार. वाटसरू सुखरूप जावा, गावात चोरी होऊ नये, ही त्यांची जबाबदारी. त्याबद्दल त्यांना गावाकडून हक्क मिळत. राज्य ढासळले तसे हे हक्क बुडाले, आणि कालचा राखणदार आज लुटारू ठरला. इंग्रजांनी आरंभी काय केले? घाट अडवले, पलटणी पाठवल्या, नाईकांना पकडले. सात वर्षे हा खटाटोप चालला, पण डोंगर काही शांत झाला नाही.

अखेर 1825 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशासाठी तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या : एक वायव्येस, एक ईशान्येस आणि एक दक्षिणेस. दक्षिणेच्या एजन्सीचे ठाणे कन्नडला होते. विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे थांबा. कन्नड तेव्हा कंपनीच्या मुलखात नव्हते. ते निजामाच्या राज्यात होते आणि गादीवर सिकंदर जाह होते. मग इंग्रज एजंट परक्या राज्यात का बसला? कारण डोंगराला सरहद्द ठाऊक नसते. खाली चाळीसगाव-भडगावकडे धाड घालावी व वर निजामाच्या हद्दीत निघून जावे, हा तेव्हाचा परिपाठ होता. घाटमाथा ज्याच्या हाती, त्याच्याच हाती दोन्हीकडचा बंदोबस्त.

एजंटाचे काम शिपायाचे कमी व पाटील-कुलकर्ण्याचे अधिक होते. भिल्लांना पडीक जमीन द्यायची, बैल व बियाण्यासाठी तगाई द्यायची, जुन्या हक्कांची चौकशी करायची, किरकोळ तंटे जागेवर मिटवायचे. कोणत्या नाईकाची माणसे किती, कोण कोठे राहतो, याची माहितीही ठेवायची. म्हणजे एका हाताने नांगर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने नाव वहीत टिपायचे. काहींना जमीन मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण वही कोणाची होती, हेही विसरू नये.

याच योजनेचे दुसरे अंग म्हणजे खानदेश भिल्ल पलटण. धरणगाव येथे ती उभी केली जेम्स औट्रम या विशी ओलांडलेल्या तरुणाने. भिल्लांचा आधी विश्वास बसेना. एकत्र गोळा करून दगा देतील, अशी धास्ती होती. औट्रम त्यांच्यात पहाऱ्याशिवाय राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, तेव्हा माणसे जमली. त्याच्या धाडसाचे कौतुक इंग्रजी ग्रंथांत भरपूर आहे. मात्र 1830 मध्ये डांगच्या भिल्लांना नमवायला हीच भिल्ल पलटण नेली गेली, याकडे त्या कौतुकात फारसे कोणी पाहत नाही. सेंधवा घाटाची राखण करणारा खाज्या नाईकही सरकारचाच नोकर होता. तो पुढे बंडात उतरला, आणि 11 एप्रिल 1858 रोजी आंबापाणीच्या लढाईत भिल्ल स्त्रियासुद्धा लढल्या.

आता जरा दूर, अमेरिकेत चला. तेथील चोक्ताव या मूळ रहिवाशांमध्येही त्याच काळात सरकारी एजन्सी होती. 1830 च्या तहाने त्यांना मिसिसिपीतील भूमी सोडावी लागली. ज्याला मागे राहायचे असेल त्या कुटुंबप्रमुखाने एजंटाकडे सहा महिन्यांत नाव नोंदवावे, त्याला 640 एकर जमीन मिळेल, असे कलम तहात होते. विल्यम वॉर्ड नावाच्या एजंटाने कितीएकांना नोंदवूनच घेतले नाही. वहीत अवघे 69 कुटुंबप्रमुख आले. बाकीच्यांचा हक्क तहात होता, वहीत नव्हता; म्हणून तो गेला. पश्चिमेकडे 1832 मध्ये नवी एजन्सी उभी राहिली. सरकारी पैसा तेथे वाटला जाई, म्हणून चोक्ताव भाषेतील पैशाच्या शब्दावरून त्या गावाचे नाव स्कलीव्हिल पडले. याच लोकांनी 1847 मध्ये, स्वतः होरपळलेले असताना, आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी पाठवली.

पालकांनी हे सारे का वाचावे? आपल्याच समाजातील तडवी व निर्धी हे मुस्लिम भिल्ल याच सातमाळ्याच्या व सातपुड्याच्या पायथ्याचे. सोयगाव तालुक्यात तडवी कुटुंबे आजही आहेत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांच्या नोंदीखाली तडवींचे नाव आहे, आणि अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. अनुसूचित जातींसाठी धर्माची अट आहे, जमातींसाठी नाही. हा भेद पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसतो. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी, प्रवेशासाठी, नोकरीसाठी दाखला मागितला जातो व पडताळणीत आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदी पाहिल्या जातात. 1950 पूर्वीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीला तेथे मोठे मोल असते. ‘मुसलमान’ एवढेच लिहिले आणि ‘तडवी’ राहून गेले, तर नातवाला कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

निजाम राजवटीतील शाळांची व महसुलाची दप्तरे आपल्या भागात बहुतांशी उर्दूत आहेत. आपल्या संस्थेच्या उर्दू शिकणाऱ्या मुलांना ती वाचता येतील. सुटीत तहसील कचेरीत किंवा जुन्या शाळेत जा, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्या, आणि गावातल्या ज्या घराला दाखल्याची गरज आहे त्याच्या आजोबांचे नाव शोधून काढा. नाव सापडले की प्रमाणित नक्कल मागून घ्या. नुसती वहीत उतरवून आणलेली ओळ समितीपुढे चालत नाही.