गच्चीवरील उष्णता पंपाच्या प्रशीतक प्रणालीची देखभाल

उष्णता पंप हे एका ठिकाणची उष्णता शोषून ती दुसऱ्या ठिकाणी सोडणारे यंत्र आहे. उन्हाळ्यात खोली थंड व हिवाळ्यात उबदार ठेवणारी ‘हॉट अँड कोल्ड’ प्रकारची वातानुकूलन यंत्रे, तसेच हॉटेले, वसतिगृहे व रुग्णालयांच्या गच्चीवर बसवलेली पाणी तापवण्याची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. यंत्राच्या बंद नळीमार्गात फिरणाऱ्या द्रव्यास प्रशीतक म्हणतात. कारागिरांच्या बोलीत तो नुसता ‘गॅस’ असतो. गळती शोधणे, प्रशीतक काढून घेणे, नळीजोड दुरुस्त करणे, नळीमार्ग निर्वात करणे आणि प्रशीतक पुन्हा भरणे ही या देखभालीची मुख्य अंगे होत. उच्च दाब, काही प्रशीतकांची ज्वलनशीलता, वीजपुरवठा आणि उंचीवरून पडण्याची शक्यता हे धोके येथे एकत्र येतात.

प्रशीतक कमी होण्याचे कारण

दरवर्षी गॅस ‘टॉप-अप’ करावा लागतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो चुकीचा आहे. प्रशीतक हे इंधन नव्हे. ते जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. नळीमार्ग अखंड असेल तर कारखान्यात भरलेले प्रशीतक यंत्राच्या आयुष्यभर पुरते. ते कमी झाले याचा अर्थ गळती आहे एवढाच होतो. गळती न शोधता केलेली भरणी काही महिने टिकते आणि निघून गेलेले प्रशीतक हवेत मिसळते. प्रशीतक ज्वलनशील असेल, तर अशी भरणी म्हणजे माहीत असलेल्या छिद्रातून जळाऊ वायू सोडत राहणेच होय.

गळती बहुधा फ्लेअर जोड, सर्व्हिस झडप किंवा कंपनाने घासलेली तांब्याची नळी येथे आढळते. तेलकट डाग ही तिची पहिली खूण असते, कारण प्रशीतकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. साबणाचा फेस ही जुनी पद्धत आजही विश्वासार्ह आहे.

प्रशीतकांचे प्रकार

जुन्या यंत्रांत आर-२२ असते. ते सहज पेट घेत नाही, परंतु ओझोन थराला हानी पोहोचवते. आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असले तरी त्याचा दाब आर-२२च्या सुमारे १.६ पट असतो. ४५ अंश सेल्सिअसला तो २७ बारच्या आसपास जातो. आर-२२साठीचे गेज व होज त्यावर वापरणे म्हणूनच धोक्याचे ठरते. आर-३२ सौम्य ज्वलनशील (ए२एल) वर्गात, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन तीव्र ज्वलनशील (ए३) वर्गात मोडते. प्रोपेनवर चालणारी घरगुती वातानुकूलन यंत्रे गोदरेज कंपनीने २०१२ मध्ये भारतीय बाजारात आणली.

प्रोपेन हवेत सुमारे २.१ टक्के मिसळले की मिश्रण पेट घेऊ शकते. या हिशेबाने ३५० ग्रॅम प्रोपेन सुमारे ९ घनमीटर हवा ज्वालाग्राही करू शकते, म्हणजे जवळपास जिन्यावरच्या एका छोट्या खोलीएवढी. ही सर्व प्रशीतके हवेपेक्षा जड आहेत. गच्ची मोकळी असली तरी कठड्याच्या कोपऱ्यात, पावसाच्या पाण्याच्या नळात किंवा जिन्याच्या दारातून खाली ती साचू शकतात. आर-२२च्या जुन्या यंत्रात प्रोपेन भरू नये, कारण त्या यंत्राचे विद्युत भाग ज्वलनशील वायूसाठी बनवलेले नसतात. स्वयंपाकाचा गॅस भरण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. त्यात ब्युटेन, वासाचे द्रव्य आणि ओलावाही असतो.

कामाचा क्रम

काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा मुख्य स्विचपासून तोडून त्यास कुलूप लावतात. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. तो उतरवल्याखेरीज तारांना हात लावत नाहीत. कठडा नसलेल्या कडेजवळ सुरक्षापट्टा आवश्यक असतो. निसटलेला द्रव प्रशीतक त्वचा गोठवतो, म्हणून हातमोजे व चष्मा वापरतात. प्रशीतक हवेत न सोडता रिकव्हरी यंत्राने वेगळ्या सिलिंडरमध्ये घेतात. उन्हात द्रव प्रसरण पावतो, त्यामुळे हा सिलिंडर आकारमानाच्या ८० टक्क्यांहून अधिक भरत नाहीत आणि सावलीत ठेवतात.

प्रशीतक शिल्लक असताना नळीवर ज्योत धरणे निषिद्ध आहे. आर-२२ ज्योतीत विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड व अल्प प्रमाणात फॉस्जीन हे विषारी वायू तयार होतात. ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह सोडला तर आत काळी खपली धरत नाही.

दुरुस्तीनंतरची दाबचाचणी फक्त कोरड्या नायट्रोजननेच करतात. ऑक्सिजन कधीही वापरत नाहीत. दाबाखालील ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगच्या गाडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो, म्हणून ही चूक घडते. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार दाब असल्याने रेग्युलेटरशिवाय तोही जोडत नाहीत.

चाचणीत तापमानाचा हिशेब धरावा लागतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात हिवाळ्याच्या अखेरीस दुपार व पहाट यांत मोठा फरक असतो. दुपारी ३२ अंशांना २८ बारवर ठेवलेली चाचणी पहाटे १२ अंशांना, काहीही गळती नसताना, सुमारे २६ बार दाखवील.

निर्वातीकरण आणि उंची

नळीमार्गातील हवा व ओलावा व्हॅक्यूम पंपाने काढतात. ओलावा राहिल्यास तो झडपेत गोठतो आणि तेलाशी मिळून आम्ले बनवतो. आर-४१०ए व आर-३२च्या यंत्रांतील एस्टर तेल ओलावा झपाट्याने शोषते.

येथे स्थानाची उंची महत्त्वाची ठरते. कल्याण–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील डिंगोरे, ओतूर हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलीमीटरऐवजी ७०० मिलीमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे साध्या गेजचा काटा पूर्ण निर्वात झाल्यावरही ३० इंचांवर न जाता साडेसत्तावीसच्या जवळ थांबतो. पंप बिघडला किंवा गळती राहिली, असा चुकीचा निष्कर्ष यावरून निघू शकतो.

उलट चूक अधिक नुकसानकारक आहे. २० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब १७.५ मिलीमीटरच्या खाली यावा लागतो, तर अपेक्षित निर्वात अवस्था ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलीमीटर असते. काट्याच्या गेजवर या दोन अवस्थांतील अंतर पाऊण इंचाहूनही कमी असते, आणि ते डोळ्याने नीट कळत नाही. म्हणून मायक्रॉन गेज वापरतात. पंप बंद केल्यावर दाब चढून एका जागी थांबला तर ओलावा, आणि चढतच राहिला तर गळती, असे अनुमान काढतात.

यानंतर यंत्राच्या पाटीवर लिहिलेले वजन तराजूवर मोजून प्रशीतक भरतात. आर-४१०ए हे आर-३२ व आर-१२५ यांचे समप्रमाण मिश्रण असल्याने ते सिलिंडरमधून द्रवरूपात घेतात. केवळ दाब पाहून किंवा नळी हाताला थंड लागते एवढ्यावर केलेली भरणी अचूक नसते.

द्राक्षांच्या पूर्वशीतनाची व दूध शीतकरणाची यंत्रेही याच चक्रावर चालतात आणि वरील बहुतेक नियम त्यांना लागू होतात. अमोनियावरील मोठी शीतगृहे मात्र वेगळ्या प्रशिक्षणाचा विषय आहेत.

नियमन

ओझोन थराच्या रक्षणासाठीचा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००० मध्ये ओझोन क्षयकारी पदार्थांविषयीचे नियम लागू झाले. आर-२२चा वापर २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करावयाचा असून त्यानंतर जुन्या यंत्रांच्या देखभालीपुरते अल्प प्रमाण राहील. आर-४१०ए व आर-३२ यांचा समावेश २०१६ च्या किगाली दुरुस्तीत होतो. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. दाबयुक्त वायूंच्या सिलिंडरांना वायू सिलिंडर नियम, २०१६ लागू असून त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतन कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा-तंत्रज्ञांच्या प्रशिक्षण व प्रमाणीकरणाचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या विषयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो.