डोंगरचा सरडा आणि वडाळ्याची रात्र



'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. पण आज मी ज्या सरड्यांची हकीकत सांगणार आहे, त्यांची धाव समुद्रापार गेली. त्यांना नेलं माणसानं, आणि तेही पेटीत घालून.

रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा, लांब जिभेनं किडा टिपणारा सरडगुहिरा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कुठे कुठे त्याला घोयरा म्हणतात. आपल्या देशात याची एकच जात आहे. तो हळू चालतो, म्हणून सहज हाती लागतो. हाती लागला की पाळावासा वाटतो. ही हौस आजची नाही.

प्राचीन रोममधला प्लिनी नावाचा ग्रंथकार लिहून गेला, की हा प्राणी खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर जगतो. ही समजूत शेकडो वर्षं टिकली. आता तुम्हीच विचार करा, असं मानणाऱ्यानं पिंजऱ्यातल्या सरडगुहिऱ्याला काय खाऊ घातलं असेल? सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरो यांनी एक सरडगुहिरा चिरून त्याची आतली रचना तपासली आणि तिचं वर्णन १६६९ साली छापलं. पुढे त्याच शहरातल्या मादलेन द स्क्युदेरी या लेखिकेनं आपल्या घरी सरडगुहिरे पाळले आणि त्यांचा वृत्तांत लिहिला. असं जवळून पाहणं सुरू झालं, तशी हवेवर जगण्याची कथा मागे पडली. त्याला माश्या, टोळ, किडे लागतात हे कळलं.

अन्नाची चूक सुधारली, पण दुसरी चूक राहिली. ती रात्रीची.

पूर्व आफ्रिकेत केनिया देशाच्या उंच डोंगरांत एक सरडगुहिरा राहतो. नराच्या तोंडावर तीन शिंगं असतात. १८९६ साली बूलांजे या शास्त्रज्ञानं त्याला जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव दिलं. आपला सरडगुहिरा जमिनीत खळगा करून अंडी घालतो. हा मात्र पिलं घालतो. डोंगरावरची माती गार असते, त्यामुळे मादी गर्भ पोटात बाळगते आणि स्वतः उन्हात अंग शेकते. दिवसा ऊन खायचं, रात्री कडक गारव्यात निश्चल पडायचं, पहाटे पानावरचं दव चाटायचं, असा त्याचा क्रम. वाटीतलं पाणी पुष्कळदा त्याला पाणी वाटतच नाही. पानावर थेंब चमकला, तरच तो पितो.

आता समजा, हा प्राणी आपल्या वडाळ्याला आणला. एका बाजूला मिठागरांची जुनी जमीन, जवळच बंदर, हवा दमट. मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २७ अंशांच्या आसपास असतो. केनियाच्या डोंगरावर रात्री तो १० अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतो. वडाळ्याच्या गॅलरीत काचेच्या पेटीत बसलेल्या या जिवाला रात्र मिळायचीच नाही! वारा नाही, गारवा नाही, दव नाही. किडे मुबलक घातले तरी तो आतून सुकत जाईल. पाळणाऱ्याला वाटेल, खायला तर घालतोय, मग मरतोय कशानं?

असंच एकदा झालं. १९७२ साली हवाई बेटांवरच्या एका व्यापाऱ्यानं केनियाहून हे सरडे विकायला मागवले. प्रवासात ते रोडावले, कोरडे पडले. ते सावरावेत म्हणून त्यानं त्यांना आपल्या बागेत सोडलं. तिथल्या गार, ओल्या डोंगरउतारांवर ते सावरले, वाढले, एका बेटावरून माणसांनी दुसऱ्या बेटावर नेले. आज ते तिथल्या मूळच्या गोगलगायी आणि किडे खातात, आणि सरकारला डोकेदुखी झाले आहेत. एका हौसेचा दोन्हीकडे तोटा झाला. पेटीत सरडे सुकले आणि पेटीबाहेर गोगलगायी मेल्या.

आपल्याकडेही हा व्यापार पोचला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या विमानतळावर माशांच्या खोक्यांआड दडवलेले ६६५ विदेशी प्राणी पकडले गेले. त्यांत साप, सरडे, कासवं होती आणि शंभराहून अधिक जीव मेलेले होते.

कोणी म्हणेल, यंत्रं लावून थंडी करता येते की! येते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली आठ पेंग्विन आणले. त्यांच्यासाठी खास थंड केलेलं घर आहे, डॉक्टर आहेत, रात्रंदिवस राखण आहे. एवढं असूनही त्याच वर्षी त्यांतला एक दगावला. मग चाळीतल्या पेटीची काय कथा?

गुरुजींना माझी एक विनंती आहे. आपला सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. मुलांनी तो बरणीत घालून शाळेत आणला, तर रागावू नका. पण जिथून आणला तिथेच, त्याच झाडावर, मुलांच्याच हातून सोडवा. त्याला विष नसतं, हेही सांगा, म्हणजे दगड मारणारे हात थांबतील. मग एखाद्या रात्री गावातल्या मोठ्या माणसांसह मुलांना बॅटरी घेऊन कुंपणापाशी न्या. झोपलेला सरडगुहिरा फिका पडतो आणि फांदीवर चटकन दिसतो. तिथे थर्मामीटर धरून पारा वहीत लिहायला लावा. पहाटे पुन्हा लिहायला लावा. पेटीत काय हरवतं, ते त्या दोन आकड्यांवरून मुलांना आपोआप उमगेल.

सरड्याची धाव कुंपणापर्यंतच असते, श्रोतेहो. ती तेवढीच राहू द्यावी, यात त्याचंही भलं आहे आणि आपलंही.