तळटीप: कॅमेऱ्यावरून व्हीसीआरवर

४. ‘व्हीसीआरवर उतरवून घेतले’: हँडीकॅमची ८ मिमी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये बसत नसे, व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद. (व्हीएचएस-सी या छोट्या कॅसेटसाठी अडॅप्टर मिळे, ८ मिमीला ती सोय नव्हती.) म्हणून कॅसेट कॅमेऱ्यातच चालवायची, पिवळी पिन चित्राची आणि पांढरी-लाल आवाजाची व्हीसीआरच्या ‘इन’मध्ये खोचायची, व्हीसीआर ‘एव्ही’वर ठेवायचा आणि रेकॉर्ड दाबायचे. मोनो व्हीसीआरला आवाजाचे भोक एकच, त्यामुळे लाल पिन लोंबकळत राही. दोन तासांचे लग्न उतरवायला दोन तासच लागत. कॅमेऱ्याचा ‘डिस्प्ले’ बंद करायचा राहिला, तर तारीख आणि बॅटरीची खूण नवरीच्या मुंडावळ्यांवर कायमची उमटे. प्रतीची प्रत काढली की लाल रंग कडांबाहेर पसरे. निवेदक ज्या ‘कुंकवाच्या धुक्या’ची थट्टा करतो, ते बहुधा हेच. अमेरिकेतल्या मामांच्या कॅसेटची अडचण निराळी: तिकडची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, आपली पाल ६२५ रेषांची. मल्टिसिस्टिम व्हीसीआर नसेल, तर भाचीचे बारसे म्हणजे पडद्यावर नुसती वळवळ. — संपा.