हरवले की सुटले?

ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे विद्यापीठ यांच्यातील संगणकजोडणीचा वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर घसरला. अंतर होते जेमतेम 400 यार्ड! जाळ्यावरून माहिती लहान लहान ‘पॅकेटां’त विभागून जाते. गर्दीत काही पॅकेटे गळतात. ती पुन्हा पाठवली की गर्दी आणखी वाढते. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये यावरील उपाय प्रसिद्ध केला.

ही वाहतूक पाहण्यासाठी त्याच प्रयोगशाळेत ‘टीसीपीडम्प’ हा प्रोग्रॅम तयार झाला. पण त्याच्या नोंदीत एखादे पॅकेट नसेल, तर ते वाटेत हरवले, की पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटले?

समजा, केनवडच्या रस्त्यावर वाहने मोजायला एक विद्यार्थी बसवला. तो प्रत्येक वाहनाचा क्रमांक, रंग, प्रवासी लिहीत राहिला, तर पुढची वाहने निसटणारच. म्हणून ती रस्त्यात नाहीशी झाली असे म्हणता येईल का?

मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून 1989 मध्ये अमेरिकेशी झालेली जोडणी सेकंदाला 9,600 बिटांची होती. तीवरून 1,500 बाइटांचे पॅकेट जायला सव्वा सेकंद लागे. पाहणाऱ्याला भरपूर सवड! उलट सेकंदाला 1 कोटी बिटांच्या इथरनेटवर सर्वांत लहान पॅकेटे सेकंदाला 14,880 येऊ शकतात. एकेकासाठी वेळ केवळ 67 मायक्रोसेकंद. नोंद मागे पडली की पॅकेटे बफरमध्ये साठतात आणि बफर भरला की टाकून दिली जातात.

स्टीव्हन मॅकॅन आणि जेकबसन यांनी 1993 मध्ये मांडलेली युक्ती अशी: नको ती पॅकेटे संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातच गाळायची आणि उरलेल्यांचाही हवा तेवढाच भाग पुढे द्यायचा. बफर वाढवणे, पडद्यावर न दाखवता थेट फाइलमध्ये लिहिणे, हेही उपाय आहेत. शिवाय गाभ्याने किती पॅकेटे टाकली, हा आकडा टीसीपीडम्प शेवटी देतो. तो आधी वाचावा.

व्हर्न पॅक्सन यांनी 1997 मध्ये आणखी एक कसोटी मांडली. पॅकेट मिळाल्याची पोच नोंदीत आहे, पण ते पॅकेट नोंदीत नाही. दोन्ही दिशांची वाहतूक त्याच ठिकाणाहून जात असेल, तर पॅकेट पोचले होते, चूक नोंदीची.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. एकाच रस्त्यावर दोन विद्यार्थी बसवावेत. एकाने फक्त वाहने मोजावीत, दुसऱ्याने वर्णनही लिहावे. दोघांच्या आकड्यांतील फरक मुलांनाच समजावून सांगू द्यावा.